मोबाइलवर काढलेला चेहरा

घरातलं म्हातारं माणूस गेलं की फोटोसाठी शोधाशोध सुरू होते. दहाव्याला समोर ठेवायला, मग हार घालून भिंतीवर लावायला एक नीट फोटो हवा असतो. हाती येतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर मतदार ओळखपत्रावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत अर्धवट दिसणारा. बीड, गेवराई, केज, धारूर, कुठलाही तालुका घ्या, ही अडचण घरोघरची आहे. पूर्वी असा फोटो तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत मोठा करून मिळायचा. आता तो व्हॉट्सॲपवरून एखाद्या चित्रकार मुलाकडे किंवा मुलीकडे जातो, आणि बोटाने किंवा स्टायलसने काढलेलं आजोबांचं डिजिटल व्यक्तिचित्र परत येतं. हीच मुलं शिवजयंतीला महाराजांचं, १४ एप्रिलला बाबासाहेबांचं, मित्राच्या वाढदिवसाला मित्राचं चित्र काढतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात.

या कामाकडे आपण अजून मोबाइलवरचा छंद म्हणून बघतो, ते मला पटत नाही. व्यक्तिचित्रणाची जुनी विद्या इथे नव्या साधनावर उतरली आहे. शिवाय कॅनव्हासवर काम करणाऱ्याला जी चिंता कधी करावी लागली नाही, ती या मुलांना पहिल्या रेघेपासून करावी लागते. हा चेहरा शेवटी कुठे लागणार आहे? फोनच्या स्टेटसवर, बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये की चौकातल्या फ्लेक्सवर? रेघ कशी ओढायची, रंग कुठले घ्यायचे, फाइल केवढी करायची, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आपल्याकडे स्वतःचा रंगवलेला चेहरा ही फार काळ दरबाराची मिरास होती. मुंबईत १८५७ साली जे. जे. कला विद्यालय सुरू झालं, धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे चित्रकार तिथे घडले. पण तैलरंगातली व्यक्तिचित्रं करून घेणारे लोक म्हणजे संस्थानिक, श्रीमंत घराणी आणि संस्था. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि चित्र सामान्यांच्या घरात पोचलं, मात्र ते देवदेवतांचं. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून आणि कलाशाळांपासून लांब. नांगर धरणाऱ्या माणसाचं किंवा ऊस तोडणाऱ्या बाईचं कुणीतरी बसून चित्र काढावं, तेही घरच्यांनी सांगून काढून घ्यावं, हे बीडसारख्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांतच शक्य झालं. मला यात मोठी गोष्ट दिसते.

तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम तयार केला आणि प्रकाशाच्या पेनाने थेट संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून दाखवली. १९८३ साली जपानात वॅकॉम ही कंपनी निघाली. पेन टॅबलेटवर, म्हणजे चित्र काढायच्या पाटीवर, चालणाऱ्या तिच्या पेनात बॅटरी लागत नाही. पाटीखाली तारांची जाळी असते, ती क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पेनातलं छोटं मंडल त्यातून ऊर्जा घेऊन उत्तर देतं, आणि पेन कुठे आहे, किती दाबलं आहे हे पाटीला कळतं. १९९० साली फोटोशॉप आलं. विख्यात ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर आयफोनवर आणि मग आयपॅडवर बोटाने फुलं काढायला घेतली आणि २०१० साली त्या चित्रांचं पॅरिसमध्ये प्रदर्शन भरलं. तेव्हा 'बोटाने काढलेलं ते काय चित्र' हा वाद तिथे कधीच मिटला आहे.

आपल्याकडच्या मुलांच्या हातात मात्र बहुधा साधा अँड्रॉइड फोन असतो आणि त्यावर आयबिस पेंट किंवा स्केचबुक. फोनचा पडदा बोट टेकल्याने होणारा विद्युतभारातला बदल ओळखतो. बोट कुठे टेकलं हे त्याला कळतं, किती जोरात टेकलं हे कळत नाही. पेन्सिलने काढताना दाब कमी-जास्त करून आपण रेघ बारीक-जाड करतो, ती सोय इथे नाही. म्हणून ॲप त्याची नक्कल करतं; रेघेची टोकं आपोआप निमुळती करतं, थरथरणारी रेघ सरळ करून देतं. ही मदत कामाची आहे, पण तिची सवय लागली की सगळ्या चेहऱ्यांच्या रेघा सारख्या दिसू लागतात. पापणीची वरची कड जाड, खालची पुसट. ओठांच्या मधली रेघ कोपऱ्यात गडद, मध्ये जवळजवळ नाहीशी. असे फरक ज्याला हाताने करायचे आहेत त्याने ही आपोआप सुधारणा कमी ठेवावी, आणि ऐपत झाली की सगळ्यात आधी फोन न बदलता दाब ओळखणारी साधी पेन टॅबलेट घ्यावी. संगणक असेल तर 'क्रिता' हे चित्रकलेचं पूर्ण सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

डिजिटल चित्राचं खरं बळ थरांमध्ये, म्हणजे लेअरमध्ये आहे. एकावर एक बटरपेपर ठेवावेत तसे हे थर असतात. खालच्यावर रेखाटन, त्यावर त्वचेचा सपाट रंग, त्यावर सावली, त्यावर उजेड, वेगळ्या थरावर केस, आणखी वेगळ्यावर फेटा किंवा पदर. सावलीचा थर 'मल्टिप्लाय' या प्रकारात ठेवला की खालच्या रंगाच्या आणि वरच्या रंगाच्या किमतींचा गुणाकार होतो. त्या किमती शून्य ते एक यांच्यामध्ये असल्याने गुणाकार नेहमी कमीच येतो, म्हणून रंग गडद होतो पण मूळ छटा टिकते. 'स्क्रीन' प्रकारात उलट होतं, रंग उजळतो. हे गणित ठाऊक असलं की काळा रंग मिसळून मळकट सावल्या करण्याची वेळ येत नाही.

आता चेहरा. इथे ॲप काही शिकवत नाही.

त्वचा म्हणजे रंगवलेली भिंत नव्हे. उजेडाचा काही भाग पृष्ठभागावरून परावर्तित होतो आणि काही आत शिरतो, रक्त आणि पेशींमधून फिरून तांबूस होऊन बाहेर येतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान लालसर दिसतात ते यामुळेच. उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवर त्वचेचा रंग जास्त तांबूस, जास्त गाढ होतो. हौशी चित्रात तिथे करडा रंग असतो, आणि चेहरा निर्जीव वाटायचं ते एक मोठं कारण असतं. कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कानांचा पट्टा तांबूस, दाढी करणाऱ्या पुरुषाची हनुवटी किंचित निळसर, हे चित्रकार फार पूर्वीपासून शिकत आले आहेत.

सावळ्या त्वचेवर आणखी एक गोष्ट घडते. आत शिरलेला बराच उजेड मेलॅनिन शोषून घेतं, त्यामुळे पृष्ठभागावरची चमक जास्त उठून दिसते. कपाळाच्या उंचवट्यावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर पडणारी ही चमक त्वचेच्या रंगाची नसते, ती उजेडाच्या रंगाची असते. मोकळ्या आभाळाखाली ती निळसर येते. तिथे त्वचेच्या रंगात पांढरा मिसळला की चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. इंटरनेटवर मिळणाऱ्या त्वचेच्या तयार रंगपट्ट्या पुष्कळदा गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांवर बेतलेल्या असतात. त्या गडद करून आपला माणूस रंगत नाही. आपल्या माणसांच्या फोटोंवरून, आपल्याच उन्हात बघून रंगपट्टी करायला हवी.

हे ऊनही विशिष्ट आहे. दुपारी ते डोक्यावरून पडतं. भुवईखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, टोपीची किंवा फेट्याची सावली अर्ध्या कपाळावर येते, आणि जमिनीवरून उसळलेला उजेड हनुवटीच्या खालून वर चढतो. उत्तरेला गोदाकाठच्या काळ्या रानात हा उसळता उजेड फारच कमी असतो. बालाघाटाच्या फिक्या मुरमाड माळावर तो हनुवटीखालचा भाग तांबूस-पिवळा करून टाकतो. माणूस कुठल्या रानात उभा आहे हे अशा एका छटेवरून सांगता येतं.

'जरा गोरं करून द्या' ही मागणी प्रत्येक चित्रकाराकडे येते. मला ती मान्य नाही, आणि चित्रकारांनी तिला नम्रपणे नकार द्यावा असं वाटतं. सहा महिने उसाच्या फडात काढलेल्या बाईचा रंग, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण हीच तिची ओळख आहे. ते पुसून जे उरतं ते तिच्या नातवंडांना ओळखू येणार नाही. रघुवीर मुळगावकरांनी (१९१८–१९७६) स्प्रेने रंग फवारून कॅलेंडरांवर आणि दिवाळी अंकांवर जी मुलायम चित्रं केली, त्या फवाऱ्याचाच वारस म्हणजे ॲपमधला एअरब्रश. त्यांच्या देवदेवतांना तो मुलायमपणा शोभला. सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याच्या गालावर तोच ब्रश फिरवला की प्लॅस्टिकचा मुखवटा तयार होतो. तिथे कडा असलेला, थोडा खरबरीत ब्रश हवा.

चित्र ज्याच्यावरून काढायचं तो फोटोही तपासून घ्यावा लागतो. हात लांब न करता जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतं. तसा फोटो जसाच्या तसा गिरवला तर चित्र फोटोसारखं होईल, माणसासारखं नाही. शक्य असेल तर पाच-सहा फुटांवरून, झूम करून काढलेला फोटो मागवावा.

ओळखपत्रावरच्या फोटोत वेगळाच धोका आहे. तो नखाएवढा आणि धूसर असतो, म्हणून हल्ली मुलं आधी तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमध्ये टाकून 'साफ' करून घेतात. ॲप फोटोत नसलेली माहिती कुठून आणणार? लाखो चेहऱ्यांवरून शिकलेल्या सरासरीतून ते डोळे, पापण्या, दात नव्याने बनवतं. समोर येतो तो एक स्वच्छ, रेखीव, परका माणूस. घरचे म्हणतात, 'छान आहे, पण आमचे दादा असे नव्हते.' अशा वेळी धूसर फोटोतून फक्त प्रमाणं घ्यावीत, म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर, कपाळाची उंची, जबड्याची ठेवण. आणि बाकीचं घरच्यांना विचारावं. मिशी कशी वळायची? हसताना कुठला गाल वर जायचा? मुलाचा किंवा भावाचा चेहरा दादांवर गेला असेल तर त्याचा त्याच उजेडात फोटो काढावा. हे काम वेळखाऊ आहे, पण चित्रकाराचं मोल त्यातच आहे.

मूळ आधार चुकला तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण खुद्द शिवाजी महाराजांच्या चित्राचं आहे. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र पूर्वी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली खरं समकालीन चित्र पुढे आणलं. धारदार नाक, टोकदार दाढी आणि शांत नजर असलेला आज सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा त्यानंतर रुजला. दर १९ फेब्रुवारीला जी शेकडो डिजिटल चित्रं फिरतात त्यांतली बरीच मात्र एकमेकांवरून किंवा मालिकांमधल्या नटांवरून काढलेली असतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जपलेलं महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र इंटरनेटवर बघता येतं. ते समोर ठेवून काढायला काय हरकत आहे? अंबाजोगाईच्या संतकवी मुकुंदराजांचं किंवा दासोपंतांचं चित्र काढताना मात्र असा आधार नाही. तिथे चित्रकाराने कल्पनाचित्र म्हणून स्पष्ट लिहावं.

इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे प्रसंग सांगणाऱ्या चित्रात, हाच नियम वस्तूंना लागू होतो. ऊसतोडीचं चित्र काढणारे अनेक जण बाईच्या हातात गवत कापायचा बारीक, अर्धगोल विळा देतात. कोयत्याचं पातं रुंद आणि जड असतं, तो धरायची, मारायची पद्धत वेगळी असते, त्याने खांद्याची ठेवण बदलते. टोळीबरोबर गेलेल्या घरातल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, कशी उभी राहते, डोक्यावर मोळी घेतलेल्या माणसाची मान किती ताठ असते, पाचटातून चालताना पाय कसा पडतो, हे त्याने पाहिलेलं असतं. तांड्यावरच्या जुन्या बंजारा बायकांचा आरशांचा, कवड्यांचा पोशाख, बीडच्या कंकालेश्वराचं पाण्याने वेढलेलं देऊळ, दसऱ्यानंतर रस्त्याला लागणाऱ्या गाड्या, हे विषय मुंबईच्या चित्रकाराला बाहेरून बघावे लागतील. जपानी ॲनिमेच्या धर्तीवर चेहरे काढण्यात या मुलांचा जो वेळ जातो, त्यातला निम्मा तरी इकडे वळावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

चित्र पूर्ण झालं, आता छपाई. सगळ्यात जास्त चांगली चित्रं इथेच वाया जातात.

फोनच्या पडद्याच्या आकारात काढलेलं चित्र साधारण १०८० बाय २४०० पिक्सेलचं असतं. स्टेटसला ते उत्तम. पण हातात धरून बघायच्या छापील चित्राला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, कारण फूटभर अंतरावरून आपला डोळा साधारण तेवढेच ठिपके वेगळे ओळखू शकतो. म्हणजे बारा बाय अठरा इंचांच्या फ्रेमसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल, एकूण एक कोटी ९४ लाख. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकाच थराला जवळपास ७८ एमबी स्मृती लागते. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर ॲप 'आणखी लेअर करता येणार नाही' म्हणतं त्याचं कारण हे. उपाय असा की पूर्ण झालेले थर एकत्र करत जायचं आणि त्याआधीची प्रत वेगळी साठवायची. चित्र लहान आकारात काढून शेवटी ताणलं तर पापण्यांच्या जागी पायऱ्या दिसतात.

फ्लेक्सचं गणित उलटं आहे. दहा बाय आठ फुटांचा फलक ३०० च्या हिशेबाने करायचा म्हटला तर जवळपास १०४ कोटी पिक्सेल होतील, कुठलाही फोन ते पेलणार नाही. त्याची गरजही नाही. वीस फुटांवरून डोळ्याला इंचात जेमतेम पंधरा ठिपके वेगळे दिसतात. इंचाला ७२ पिक्सेल, म्हणजे ८६४० बाय ६९१२, हेही पुरून उरतं. दुरून बघायच्या चित्रात पापणीचा केस न् केस काढण्यापेक्षा उजेड-सावलीचे मोठे आकार स्पष्ट ठेवावेत. बीड जिल्ह्याला मोठ्या पृष्ठभागाचं अप्रूप नसावं. दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहून ठेवला, ती आजही अंबाजोगाईत आहे.

रंगाचा घोळ त्याहून मोठा. पडदा स्वतः उजेड फेकतो आणि लाल, हिरवा, निळा मिसळून रंग करतो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई उजेड शोषून रंग दाखवते. पडद्यावरचे काही झळाळते रंग त्या शाईतून निघतच नाहीत. आपल्या दुर्दैवाने भगवा आणि गडद निळा, हे जयंतीचे दोन्ही रंग त्यांत येतात. पडद्यावरचा तेजस्वी भगवा छापताना विटकरीकडे झुकतो आणि शुद्ध निळा जांभळट होतो. मग छापणाऱ्याशी भांडण. त्यापेक्षा आधीच थोडे दबलेले रंग निवडावेत आणि छोटा तुकडा छापून बघावा. फोनची डिस्प्ले सेटिंग 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करावी, डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड बंद ठेवावा, ब्राइटनेस मध्यम ठेवावा. पूर्ण ब्राइटनेसवर काढलेलं चित्र कागदावर काळवंडलेलं येतं आणि सावळा चेहरा तर पार हरवतो.

फाइल छापायला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नये, ते आकार कमी करतं आणि बारकावे खातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

कायद्याची एक बाजू फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. चित्र काढणारा तोच त्याचा मालक, असं आपण गृहीत धरतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पैसे देऊन काढलेल्या फोटोलाही तेच लागू. म्हणजे आजोबांचं चित्र तुम्ही काढलंत, मोबदला घेतलात, तर ते तुमच्या पानावर टाकायला, प्रदर्शनात लावायला, त्याच्या प्रती विकायला घरच्यांची संमती हवी. उलट, स्वतःच्या हौसेने काढलेल्या चित्राचा हक्क तुमचा असतो आणि तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मात्र इंटरनेटवरून उचललेला एखाद्या छायाचित्रकाराचा फोटो गिरवून काढलेलं चित्र विकणं अडचणीत आणू शकतं. काम कुणाच्याही मालकीचं असो, कलम ५७ चित्रकाराला दोन गोष्टी देतं: हे मी काढलं असं म्हणण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क. फ्लेक्सवर छापताना कोपऱ्यातली सही कापून टाकणाऱ्याला हे दाखवता येतं. यासाठी स्टँप पेपर लागतो असं नाही. ऑर्डर घेतानाच आकार, मोबदला, आगाऊ रक्कम, किती वेळा दुरुस्ती आणि चित्र आपल्या पानावर वापरण्याची परवानगी हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवावं, समोरच्याचा होकार लेखी घ्यावा आणि मगच फोटो उघडून रेखाटनाला बसावं.